मॅट ओली होते, ते किरकोळ नाही

गाडीबद्दलचं एक पत्र नवी मुंबईतल्या ऐरोलीहून आलंय, नाव छापू नका म्हणून सांगितलंय. थोडं कापून देतोय:

"काका नमस्कार. बाबांची २०११ ची वॅगनआर आहे, पेट्रोल, १ लाख ५८ हजार किमी झालेत. बाबांचे गुडघे गेल्यापासून चार वर्षं मीच चालवते, रोज ऐरोली ते ठाण्याचं वागळे इस्टेट आणि वर्षातून दोनदा गावी चिपळूणला. हल्ली क्लच जड झालाय आणि खड्ड्यात पुढून डावीकडून कट्कट् आवाज येतो. सर्व्हिस सेंटरला नेली तर ६१,४०० चं एस्टिमेट दिलं. क्लच ओव्हरहॉल १४,८००, पुढचे स्ट्रट आणि लोअर आर्म १८,६००, डीकार्बनायझिंग, इंजिन फ्लश आणि इंजेक्टर क्लीनिंग मिळून ७,९००, अंडरबॉडी कोटिंग ५,२००, रेग्युलर सर्व्हिस ८,५००, आणि पॉलिश-सॅनिटायझेशन-अलाइनमेंट वगैरे ६,४००. एक्स्चेंजला गाडीचे ७५ हजार देतायत. दादा म्हणतो ७५ हजाराच्या गाडीवर ६१ हजार घालणं म्हणजे वेडेपणा, आणि तशीही ऑगस्टमध्ये १५ वर्षं होतायत, मग भंगारातच जाणार. बाबा म्हणतात इंजिन अजून मख्खन आहे, विकलीस तर बघ. नवरा काहीच म्हणत नाही. गॅरेजवाले मला बाई म्हणून गंडवतायत की खरंच एवढं काम आहे? बाबांनी पहिल्या दिवसापासूनची वही ठेवलीय, हवी तर फोटो पाठवते. ता.क. पावसाळ्यात डाव्या बाजूची पुढची मॅट ओली होते आणि वास येतो, पण ते किरकोळ."

अगं, तू सगळं पत्र लिहिलंस आणि खरी गोष्ट ता.क. मध्ये टाकलीस!

क्लच, स्ट्रट (पुढच्या चाकाचा शॉक ॲब्सॉर्बर), लोअर आर्म (चाकाला खालून धरून ठेवणारा दांडा) ही सगळी बदलायच्याच वस्तू आहेत, नट खोला, नवीन लावा, झालं. गाडीत एकच गोष्ट अशी असते जी खोलून बदलता येत नाही, ती म्हणजे खालचा पत्रा. तुझी ओली मॅट ही पत्र्याची तक्रार आहे, आणि एवढ्या लांबलचक एस्टिमेटमध्ये त्या पाण्याबद्दल एक ओळ नाही. उलट त्याच पत्र्याला खालून ५,२०० चं कोटिंग मारायला निघालेत, त्यावर येतोच मी.

आधी माझी गोष्ट सांगतो, म्हणजे मी एवढा का उसळलो ते कळेल. माझ्याकडे २००१ ची झेन होती. ऑफिस तुर्भ्याला, म्हणजे ठाणे-बेलापूर रोड रोज दोन वेळा, त्यामुळे तुझ्या रस्त्याचं दुःख मला नवीन नाही. २ लाखाच्या वर चालवली, इंजिन शेवटपर्यंत एका सेल्फमध्ये चालू व्हायचं आणि मीही तुझ्या बाबांसारखाच सगळ्यांना मख्खन मख्खन सांगत फिरायचो. एक दिवस घोडबंदर रोडला गायमुखच्या पुढे पंक्चर झाली, जॅक लावला, फिरवायला लागलो, तर गाडी वर यायच्या ऐवजी जॅकच हळूहळू गाडीत शिरायला लागला. कुरकुर असा आवाज, बिस्किट मोडल्यासारखा. सिल, म्हणजे दारांखालचा लांब पोकळ पत्रा, आतून पूर्ण खाल्लेली. दोन वर्षं आधी एका गॅरेजने सप्टेंबरात, गाडी अजून ओली असताना, खालून काळं कोटिंग मारून दिलं होतं आणि मी खुश होतो की आता चिंता नाही. पाणी आत, कोटिंग बाहेर, मस्त बंद डबा करून दिला गंजाला. ती गाडी इंजिन चांगलं असताना भंगारात गेली. म्हणून तुला सांगतो, जुनी गाडी बोनेट उघडून बघायची नाही, खालून बघायची. आपल्याकडे खाडी शेजारी, चार महिने पाऊस, उरलेले आठ महिने घामट हवा, इथे गाड्या इंजिनाने कमी मरतात, पत्र्याने जास्त.

तर पहिलं काम गॅरेजचं नाही, तुझं आहे. सुट्टीच्या दिवशी सोसायटीच्या पार्किंगमध्ये डाव्या बाजूचा दरवाजा उघड, मॅट काढ, दाराच्या उंबऱ्यावरची प्लास्टिकची पट्टी वर खेचली की निघते, मग कार्पेट उचल. खाली फोम असतो, तो दाबून बघ. वरून कार्पेट कोरडं आणि खाली फोम मे महिन्यातसुद्धा ओला, असं मी दोन-तीन गाड्यांत बघितलंय. फोम ओला म्हणजे पत्रा बारा महिने आंघोळ करतोय.

मग पाणी येतंय कुठून ते शोध. पाऊस नसताना, कोरड्या दिवशी, एसी अर्धा तास चालवून मॅट ओली झाली तर एसीचा ड्रेन पाईप चोंदलाय, गाडीखाली टपटप पडायला हवं ते पाणी आत पडतंय, हे काम किरकोळ आहे, गॅरेजवाला हवा मारून देतो. एसीने नाही झाली तर वायपरच्या खाली काळी जाळी असते ना, तिच्यात झाडाची पानं अडकून पाणी तुंबतं आणि आत उतरतं. झाडाखाली पार्क करणाऱ्या प्रत्येकाचा हा आजार. नवऱ्याला आत टॉर्च घेऊन पायाशी वाकून बसव (काहीच म्हणत नाही ना, मग हे काम त्यालाच दे) आणि तू वरून तांब्याने काचेवर आणि जाळीवर हळूहळू पाणी ओत, तो ओरडेल तिथे गळती. तिसरी शक्यता दाराची. दाराच्या पॅडच्या आत एक प्लास्टिकचा कागद चिकटवलेला असतो, कधीतरी स्पीकर बसवताना किंवा काच दुरुस्त करताना गॅरेजच्या पोराने तो फाडला की दारातलं पाणी आत येतं. दाराच्या खालच्या कडेला बारीक भोकं असतात पाणी जायला, ती मातीने बुजतात, एक टाचणी घाल. आणि ओलावा चिकट लागला, गोडसर वास आला, तर मात्र ते पावसाचं पाणी नाही, कूलंट आहे, हीटरची गळती, मग गाडी चालवू नको, आधी दाखव.

दुसरं काम लिफ्टवर. असं गॅरेज शोध जिथे तुला गाडीखाली उभं राहू देतात. वागळेला गॅरेजांची काय कमी, "मॅडम तुम्ही ऑफिसात बसा, एसी आहे" म्हणतील तिथे नको, "या ताई, बघा" म्हणतील तिथे जा. जाताना जाडसा स्क्रूड्रायव्हर घेऊन जा आणि त्याच्या मुठीने ठोकत जा. दोन्ही बाजूच्या सिल, जॅक लावायच्या जागा, पुढच्या चाकाच्या मागचा कोपरा, मागचं सस्पेन्शन जिथे बॉडीला बसतं तिथे, डिकीत स्टेपनीची खोबण, आणि बोनेटमध्ये स्ट्रटचं टोक जिथे येतं ती गोल जागा. चांगला पत्रा टण वाजतो. खाल्लेला पत्रा भद वाजतो, ओल्या पुठ्ठ्यासारखा, तो आवाज एकदा ऐकला की परत कुणाला विचारावं लागत नाही. भद आला तिथे टोकाने दाबून बघ. ब्रेकचे लोखंडी पाईप खालूनच जातात, त्यांच्यावर नुसता तांबूस रंग आहे की पापुद्रे निघतायत तेही बघून घे, कारण तो पाईप फुटला तर पेडल थेट फरशीला लागतं.

आता निर्णय, आणि यात मी अजिबात मऊ नाही. वरवरचा गंज असेल तर घासून, रस्ट कन्व्हर्टर, प्रायमर, रंग, आणि कोटिंग करायचंच असेल तर उन्हाळ्यात गाडी दोन-चार दिवस कडक वाळवून. फ्लोअरला मधोमध एखादं भोक पडलं असेल तर वेल्डिंग करून पॅच मारता येतो, चांगला पत्राकाम करणारा नीट करून देईल. पण सिल किंवा सस्पेन्शन बसायची जागा भद वाजली आणि टोक आत गेलं तर इथपर्यंतचं सगळं विसर, दादाचं ऐक, ६१ हजार सोड, ६ हजारसुद्धा घालू नको. पॅच मारून वरून काळा रंग देणारे मिळतील, तो पॅच विकणाऱ्यासाठी असतो, चालवणाऱ्यासाठी नाही.

पत्रा पास झाला असं धरून तुझं एस्टिमेट वाचतो.

क्लच. तुझ्या वॅगनआरला क्लच केबलवर चालतो. जड झाला म्हणजे प्लेट गेलीच असं नाही, केबल आतून कोरडी होऊन गंजली की पेडल दगडासारखं होतं, आणि केबल ही काही शेकड्यांतली वस्तू आहे. प्लेट गेलीय का ते असं बघ: मोकळ्या रस्त्यावर, पहाटे पाम बीच रोडसारख्या ठिकाणी, चौथ्या गिअरला ४० च्या आसपास असताना ॲक्सिलरेटर पूर्ण दाब. इंजिनाचा आवाज वर गेला आणि गाडी मात्र जागेवरच रेंगाळली तर प्लेट घसरतेय. दोन्ही बरोबर वाढलं तर प्लेट अजून जिवंत आहे, आधी केबल बदल आणि महिनाभर बघ. दीड लाखात, आणि आपल्या ट्रॅफिकमध्ये, क्लच एकदा तरी बदललेला असणार, वहीत सापडेल. खरंच करायचाच झाला तर प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग तिन्ही एकदम, नामांकित कंपनीचा सेट, कारण गिअरबॉक्स उतरवायची मजुरी तीच असते, एक वस्तू वाचवून सहा महिन्यांनी परत उतरवण्यात अर्थ नाही. बाहेरच्या चांगल्या गॅरेजात त्या १४,८०० च्या निम्म्याच्या आसपास व्हायला हवं. आणि कळव्याच्या सिग्नलला अर्धा क्लच दाबून गाडी पुढेमागे झुलवत उभी राहतेस का? राहत असशील तर बंद कर, न्यूट्रल कर.

कट्कट्. एका बाजूने आवाज आणि बिल दोन्ही बाजूंच्या अख्ख्या असेंब्लीचं! बहुतेक वेळा लोअर आर्मचं बुश (आतलं रबर) नाहीतर बॉल जॉइंट (चाकाकडचा गोल सांधा) असतो. बुश वेगळं प्रेस करून बसतं, अख्खा आर्म बदलायची गरज आर्म वाकला किंवा गंजला असेल तरच, किंवा बॉल जॉइंट त्यालाच जोडलेला असेल तर. लिफ्टवर असताना मेकॅनिकला पट्टीने हलवून दाखवायला सांग, ढिला असेल तर डोळ्याला दिसतो. स्ट्रटला तेल गळल्याची ओली रेघ दिसत असेल तर बदल, दोन्ही बाजूचे जोडीनेच, तिथे कंजूषी नको. कोरडे असतील आणि कोपऱ्यावर दाबून सोडल्यावर गाडी एकदा वर येऊन थांबत असेल तर राहू दे. आणि स्टिअरिंग पूर्ण वळवून यू टर्न घेताना टक-टक-टक आलं तर तो आवाज वेगळा, तो ड्राइव्ह शाफ्टचा, म्हणजे चाक फिरवणाऱ्या दांड्याचा. त्याचं रबरी बूट फाटलंय का तेवढं बघ, वेळेत बूट बदललं तर स्वस्तात सुटतेस, माती आत गेली की अख्खा जॉइंट.

डीकार्बनायझिंग (काजळी काढणं), फ्लश (इंजिन आतून धुणं), इंजेक्टर क्लीनिंग: तिन्हीवर सरळ रेघ. गाडी पिकअप घेतेय, झटके नाहीत, चेक इंजिनचा दिवा नाही, मग कशाला? त्यात फ्लश तर जुन्या इंजिनात मला मुळीच पटत नाही, वर्षानुवर्षांचा गाळ एकदम सुटून नको तिथे अडकायचा. पॉलिश, सॅनिटायझेशन, रेघ. अलाइनमेंट मात्र खालचं काम झाल्यावर कर, आधी नाही, आधी केलेली वाया जाते. अंडरबॉडी कोटिंगचं वर सांगितलं, आत्ता रेघ.

बघ, पत्रा धड असला तर ६१ चे २०-२५ हजार होतायत की नाही. गंडवतायत का विचारलंस, तर मी म्हणेन बाई म्हणून असेल-नसेल, पण जुनी गाडी दिसली की सगळ्यांनाच मोठी यादी मिळते, मलाही मिळाली होती. प्रत्येक ओळीवर बोट ठेवून एकच प्रश्न विचारायचा, "हे आज नाही केलं तर काय होईल?" ज्याचं उत्तर "ब्रेक लागणार नाही" किंवा "रस्त्यात बंद पडेल" असं येतं ते आज. "परफॉर्मन्स चांगला होतो मॅडम" असं येतं ते कधीच नाही. आणि जुने पार्ट डिकीत टाकून द्या म्हणून आधीच सांगायचं, बदलल्यावर नाही.

एस्टिमेटमध्ये नसलेल्या पण तुझ्या वयाच्या गाडीला हव्या असलेल्या गोष्टी मात्र आहेत. (वय गाडीचं म्हणतोय.) तुझ्या इंजिनाला टायमिंग बेल्ट नाही, चेन आहे, म्हणून बेल्ट तुटायची भीती नाही, पण चेन ऑइलवर जगते. आणि ऑइल किलोमीटरवर मोजायचं ही सवय आपल्या ट्रॅफिकमध्ये चुकीची आहे. हिशोब कर, हायवेला ६० च्या सरासरीने १० हजार किमी म्हणजे १६५-१७० तास इंजिन चाललं. तू विटावा-कळव्यातून १५ च्या सरासरीने जातेस, तेच १० हजार म्हणजे साडेसहाशे तासांच्या वर! म्हणून १० हजाराची वाट बघू नको, साडेसात हजाराला किंवा वर्षाला, जे आधी येईल तेव्हा बदल, ग्रेड मॅन्युअलमधलाच. दर दुसऱ्या रविवारी सकाळी थंड इंजिनावर डिपस्टिक काढून बघ, या वयात थोडं ऑइल पितात गाड्या, पिऊ दे, पण तुला माहीत हवं. सकाळी पहिल्या सेल्फला सेकंदभर खळखळ येऊन थांबते का तेही ऐक, रोज येत असेल तर चेन आणि ती ताणून धरणारा टेन्शनर दाखवून घे.

कूलंट आणि ब्रेक ऑइल दोन-दोन वर्षांनी. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढतं, आपल्याकडे तर काय विचारायलाच नको, आणि या दोन्ही गोष्टी लोक हमखास विसरतात कारण गाडी त्याशिवायही चालतच असते. रेडिएटरला नळाचं पाणी घालणाऱ्या वॉचमनकाकांना प्रेमाने थांबव. गिअर ऑइल वहीत शेवटचं कधी आहे बघ, मला वाटतं पान उलटत उलटत बरंच मागे जावं लागेल. टायरवर कडेला DOT या अक्षरांच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात, उदाहरणार्थ २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी सहा-सात वर्षांचं रबर कडक होतं, पावसात घसरतं.

पेट्रोलचं एक. तुझी गाडी घेतली तेव्हा पंपावर ई-२० नव्हतं, आता बहुतेक २० टक्के इथेनॉलचंच मिळतं. ॲव्हरेज थोडं उतरेल, त्यावरून गॅरेजवाल्याने इंजिन उतरवायला काढलं तर हो म्हणू नको. पण १५ वर्षांचे रबरी पेट्रोल पाईप कडक होऊन भेगाळतात, इथेनॉल त्यात भर घालतं, तेवढे नवीन घालून घे. गाडीत किंवा बोनेटपाशी पेट्रोलचा वास आला तर "बघू उद्या" नाही, त्याच दिवशी.

आणि उंदीर! ऐरोलीत सेक्टरांमधल्या गटाराजवळ पार्क करत असशील तर वायरी कुरतडतात. डांबरगोळ्या, तंबाखूची पुडी, सगळे उपाय करून झालेत माझे, त्यातल्या त्यात रोज हलणाऱ्या गाडीत कमी येतात एवढंच म्हणतो.

पावसाळ्यात विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पाणी भरलं की समोरची रिक्षा गेली म्हणून तू जाऊ नको, ऐरोली पुलावरून मुलुंड आणि मग हायवेने तीन हात नाका असं जा, लांब पडतं पण आता छोट्या गाड्यांना तिथला टोलही नाही, ऑक्टोबर २०२४ पासून. चुकून पाण्यात बंद पडलीच तर परत सेल्फ मारायचा नाही. नाही म्हणजे नाही. इंजिनात पाणी गेलेलं असताना सेल्फ मारला की कनेक्टिंग रॉड वाकतो, मग ६१ हजारसुद्धा स्वस्त वाटतील, आणि साध्या विम्यात ते बहुतेक वेळा बसत नाही.

दादाच्या दोन मुद्द्यांना उत्तर देतो. एक, १५ वर्षं झाली की भंगार, हे दिल्लीचं. राजधानी परिसरात जुन्या गाड्यांवर वयाची बंदी आली आणि ती बातमी फॉरवर्ड होत होत आपल्याकडे कायदा म्हणून पोचली. आपल्याकडे खासगी गाडीची आरसी, म्हणजे नोंदणी, १५ वर्षांनी संपते, ती फिटनेस दाखवून पाच-पाच वर्षांनी वाढवता येते. फॉर्म २५, मुदत संपायच्या आधीच्या ६० दिवसांत अर्ज करता येतो, तुझा नंबर एमएच ४३ चा असेल तर नवी मुंबई आरटीओत. फी ५ हजार, पर्यावरण कर वेगळा, आणि उशीर केलास तर महिन्याला ५०० दंड. जुन्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेटही लागतेच, बसवली नसशील तर आधी ती, नाहीतर आरटीओत काम अडेल. २० वर्षांनंतर मात्र फी १० हजार होते, तेव्हाचं तेव्हा. आरसी वाढवायच्या आधी पत्रा बघायचा हे वेगळं सांगायला नको.

दोन, ७५ हजाराच्या गाडीवर एवढा खर्च कशाला. हा हिशोबच चुकतो लोकांचा. खर्चाची तुलना गाडीच्या किमतीशी करायची नाही, गाडी नसेल तर काय खर्च येईल त्याच्याशी करायची. पाच लाखाचं कर्ज, पाच वर्षं, ९ टक्के, तर हप्ता १० हजार ३८० च्या आसपास बसतो, म्हणजे वर्षाला सव्वा लाख, शिवाय नवीन गाडीचा मोठा विमा. तुझी आताची दुरुस्ती ही दोन-अडीच हप्त्यांची गोष्ट आहे. दादा हप्ते भरणार असेल तर गोष्ट वेगळी.

पण एका ठिकाणी मी दादाच्या बाजूने आहे आणि हे बाबांना आवडणार नाही. तुझ्या गाडीत एअरबॅग आणि एबीएस (जोरात ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) आहे का बघ, २०११ च्या स्वस्तातल्या मॉडेलमध्ये नसायचंच, नवीन गाड्यांना एबीएस आणि ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची झाली ती २०१९ मध्ये. ऐरोली-वागळे ३०-४० च्या स्पीडला ठीक आहे. चिपळूणला गोवा हायवेवरून, रात्री, समोरून डंपर, मागच्या सीटवर आईबाबा, तिथे मी ही गाडी नेणार नाही. इंजिन मख्खन असलं तरी नाही. वर्षातून दोन वेळा कोकणात रेल्वेने जा नाहीतर भाड्याची गाडी कर, हप्त्यापेक्षा स्वस्तच पडेल. यावर घरात भांडण होईल, होऊ दे.

पत्रा नापास झाला आणि विकायचीच वेळ आली तर भंगारवाल्याला चावी देऊन मोकळी होऊ नको. नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रातच दे, तिथून गाडी जमा केल्याचं डिपॉझिट सर्टिफिकेट मिळतं, नवीन गाडीच्या करात त्याचा उपयोग होतो आणि मुख्य म्हणजे आरसी रद्द होते. नाहीतर गाडी कुठेतरी फिरतेय आणि चलन बाबांच्या नावाने येतंय, असं व्हायला नको.

वहीचे फोटो मला नको पाठवूस, मला त्यातलं काय कळणार, बाबांना कळेल. लिफ्टवर न्यायच्या दिवशी त्यांना बरोबर ने. गुडघ्यांमुळे उभं राहता येणार नाही, गॅरेजात प्लास्टिकची खुर्ची असतेच, तिच्यावर बसव आणि वही हातात दे. क्लच कधी केला, गिअर ऑइल कधी, मेकॅनिकच्या आधी तेच सांगतील आणि मेकॅनिकही जरा सांभाळून बोलेल. फक्त मॅट ओली होते हे त्यांना घरीच सांगून ठेव, गॅरेजात चारचौघांत कळलं तर दिवसभर बोलणार नाहीत.

आणि स्क्रूड्रायव्हर न्यायला विसरू नको. डाव्या बाजूच्या सिलला टण आलं की भद, तेवढं कळव.